मेजर मार्टिनच्या खिशातले कागद

[लंडन. जुने कागद, जवळून]

नदीकाठी पोहण्याच्या पोशाखात उभी असलेली ही तरुणी म्हणजे पाम. मेजर विल्यम मार्टिनची वाग्दत्त वधू. ही तिची पत्रं. हे बँकेचं खरमरीत पत्र: खात्यातून जास्तीचे काढलेले ७९ पौंड, १९ शिलिंग, २ पेन्स ताबडतोब भरा. शिवाय साखरपुड्याच्या अंगठीचं बिल आणि नाटकाची अर्धी तिकिटं.

मेजर मार्टिन मात्र कधी जन्मालाच आला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, ब्रिटिश गुप्तहेर अधिकाऱ्यांनी, कादंबरीकारानं रचावं तसं, हे पात्र रचलं.

मूळ कल्पनाही कादंबरीतलीच. स्कॉटलंड यार्डचे माजी अधिकारी बेसिल थॉमसन यांच्या एका रहस्यकथेत बनावट कागद जवळ असलेलं प्रेत येतं. सप्टेंबर १९३९ मध्ये नौदलाच्या गुप्तहेर विभागाचे प्रमुख जॉन गॉडफ्रे यांच्या नावानं एक टिपण निघालं. त्यात शत्रूला चकवण्याच्या युक्त्यांमध्ये ही २८वी होती. टिपण लिहिलं असावं त्यांचे सहायक इयन फ्लेमिंग यांनी. पुढे हेरकादंबऱ्यांमुळे जगभर नाव झालेले तेच फ्लेमिंग.

[गणवेश. ओळखपत्र]

ब्रिटनसह दोस्त राष्ट्रांच्या फौजांना इटलीच्या सिसिली बेटावर उतरायचं होतं. जर्मनांची नजर ग्रीसकडे वळवायची होती. बनावट कागद आणि प्रेत वापरून हे साधायचं काम आलं गुप्तहेर अधिकारी युएन मॉन्टेग्यू आणि चार्ल्स चमली यांच्याकडे. त्यांनी केलेली मेहनत बघा. गणवेश कोरा दिसू नये म्हणून चमली तो स्वतः अंगावर वापरत राहिले. ओळखपत्र जुनं वाटावं म्हणून मॉन्टेग्यू ते आपल्या पँटवर घासत राहिले. पामची पत्रं खात्यातल्याच एका स्त्रीनं लिहिली आणि फोटो खात्यातल्याच जीन लेस्लीचा. शाई खाऱ्या पाण्यात टिकते का, हेही तपासलं गेलं. ग्रीसवरच्या हल्ल्याची हूल देणारं मुख्य पत्र ब्रिटिश लष्करातले वरिष्ठ अधिकारी जनरल नाय यांनीच लिहिलं, आणि त्यात सिसिलीचं नाव मुद्दाम ठेवलं, केवळ हुलकावणी म्हणून! म्हणजे सिसिलीची खरी बातमी फुटली, तरी जर्मनांनी तिला हूल समजावं. पत्र कुणी उघडलं तर कळावं म्हणून आत पापणीचा एक केस ठेवला.

मला ही कारागिरी थक्क करते. पण हे सगळं ज्याच्या अंगावर चढवलं, त्या माणसाबद्दल बोलायलाच हवं.

[वेल्सच्या खाणवस्तीची जुनी छायाचित्रं]

ग्लिंडूर मायकल. वेल्समधल्या कोळसा खाणकामगाराचा मुलगा, बेघर. जानेवारी १९४३ मध्ये उंदराचं विष पोटात जाऊन तो लंडनमध्ये मेला. वय ३४. शत्रूला फसवायला आपला देह वापरा, असं तो कधी म्हणाला नव्हता. त्याला विचारायची सोयही नव्हती.

[पाणबुडी. मग स्पेनचा किनारा]

कोरड्या बर्फात ठेवलेला देह मोटारीनं रातोरात स्कॉटलंडला गेला, तिथून 'सेराफ' पाणबुडीतून स्पेनच्या वेल्वाजवळ. ३० एप्रिलच्या पहाटे तो पाण्यात सोडला गेला आणि एका कोळ्याला सापडला. स्पेन तटस्थ होता, पण कागद जर्मनांच्या हाती गेलेच. लाखेची मोहर न मोडता त्यांनी पत्र सळईवर गुंडाळून बाहेर काढलं, छायाचित्रं घेतली आणि परत आत सरकवलं. ब्रिटिशांकडे पाकीट आलं, तेव्हा पापणीचा केस आत नव्हता.

जर्मनांनी फ्रान्समधली एक पॅन्झर (रणगाड्यांची) डिव्हिजन ग्रीसला हलवली. १० जुलैला दोस्त फौजा सिसिलीत उतरल्या.

[वेल्वाचं कबरस्तान]

कबरीवर मात्र नाव मार्टिनचंच कोरलं गेलं, खोट्या आईवडिलांच्या नावांसकट. मायकलचं नाव सरकारी कागदांत सापडलं १९९६ मध्ये. त्यानंतर ते शिळेवर आलं, तेही मार्टिनच्या नावाखाली, एका ओळीत: ग्लिंडूर मायकल यांनी मेजर विल्यम मार्टिन म्हणून सेवा बजावली. ते नाव वर कोरायला हवं होतं.