चमच्यावरून ओघळणारी पेज

(वस्त्यांमध्ये आणि बांधकामांवर काम करणाऱ्या स्वयंसेवकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आठ महिन्यांच्या, सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी किती मावतं? वजनाच्या किलोमागे साधारण 30 मिलिलिटर धरा. म्हणजे दोनशेच्या थोडं वर. आपली आमटीची वाटी दीडशेच्या आसपास असते, तेव्हा दीड वाटीतच बाळ तोंड फिरवणार. आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून त्याला दिवसाला सुमारे 200 किलोकॅलरी लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत 300, आणि वर्षानंतर 550.

आता दोन वाट्या डोळ्यांसमोर आणा. पहिलीत 10 ग्रॅम तांदळाची पातळ पेज आहे. तिच्यात 35 किलोकॅलरी. दुसरीत 30 ग्रॅम डाळ-तांदूळ मऊ, घट्ट शिजवलेत आणि वरून चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिलिलिटर तेल घातलंय. तिच्यात दीडशे. पोट दोन्ही वाट्यांनी सारखंच भरतं. पहिल्या वाटीवरचं बाळ शांत झोपतं, रडत नाही, आणि तरी महिनाअखेरीला वजन हलत नाही. 'खातो तर चांगला, मग असा का?' असं त्याची आई विचारते तेव्हा ती खोटं बोलत नसते.

वरणाच्या पाण्याचंही तेच. वरचं पाणी म्हणजे डाळीचा कस, ही समजूत घरोघर आहे. कस तळाशी राहतो आणि तो मोठी माणसं खातात.

पण पेज पातळ का होते, हेही बघा. घशात अडकेल ही भीती असते. पातळ लवकर संपतं. आठ वर्षांची ताईसुद्धा ती भरवू शकते. काही घरांत ती बाटलीच्या बुचातून जायला हवी असते. या चारही कारणांना अर्थ आहे. म्हणून 'घट्ट द्या' एवढं सांगून परत येऊ नका, करून दाखवा. चमचा तिरका केला तर घास लगेच ओघळता कामा नये, ही परीक्षा. सहाव्या महिन्यानंतर दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोन-तीनदा, इथून सुरुवात करायची. मिक्सर नको, पळीनं घोटलेलं पुरतं.

अडकण्याची भीती घालवायला एक जुनी युक्ती उपयोगी पडते: मोड आलेल्या नाचणीचं पीठ. नाचणी रात्रभर भिजवायची, कापडात बांधून एक-दोन दिवस मोड येऊ द्यायचे, उन्हात खडखडीत वाळवून हलकीच भाजून दळायची. मोड येताना धान्यात जे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होतं ते पिठुळपणा तोडतं. घट्ट लापशी उतरवून जराशी निवली, पण चांगली गरम असली, की त्यात हे पीठ चमचाभर ढवळायचं. दोन-चार मिनिटांत ती सैल होते, पाणी न घालता. मग एक उकळी काढायची. इथे चुका दोन होतात. नाचणी लालसर होईपर्यंत भाजली किंवा पीठ उकळत्या लापशीत टाकलं, तर विकर मरतं आणि काहीच घडत नाही. आणि हे पीठ म्हणजे फडक्यातून गाळलेलं सत्त्व नव्हे. गाळण्यात प्रथिनं, लोह आणि कॅल्शियम बरंचसं चोथ्यात जातं, हाती उरतो मुख्यतः स्टार्च. नाचणीचं सत्त्व दिल्याचं समाधान मोठं असतं, म्हणून हे सांगताना जरा सांभाळून.

आता वेळेकडे वळू. माझ्या मते आपल्या कामात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. 'दिवसातून पाच वेळा ताजं करून द्या' हा सल्ला कागदावर बरोबर आहे. पण बांधकामावरची बाई पहाटे पाचला पाणी भरते, नऊला कामावर हजर होते, सहाला सुटते. गॅसचं सिलिंडर महिना-दीड महिना पुरवायचं असतं. ती पाच वेळा चूल पेटवेल असं धरून चालणं म्हणजे सल्ला आपल्या सोयीचा झाला. तेव्हा आधी तिच्या दिवसाचे तास विचारा आणि त्यात बसेल तेवढंच सांगा.

बसतं काय? एक, घरच्या वरणात तिखट-मसाला पडायच्या आधी बाळाची वाटी बाजूला काढायची. भात त्यात घोटला, वर तेल घातलं, झालं. जास्तीची मिनिटं शून्य. दोन, बाळाची वाटी वेगळी. एकाच ताटात सगळी भावंडं जेवली तर सर्वांत लहान मूल किती खातं ते कुणालाच कळत नाही. तीन, कोरडं मिश्रण. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, अर्धी वाटी शेंगदाणे. डाळ-तांदूळ धुऊन वाळवायचे, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि बारीक दळायचं. कोरड्या डब्यात दोन आठवडे टिकतं. ओला चमचा घातला की बुरशी धरते. काळे, खवट दाणे आधीच निवडून टाका, आणि अख्खा शेंगदाणा लहान मुलाला कधीच देऊ नका, तो श्वासनलिकेत जातो. तीन मोठे चमचे मिश्रण, वाटीभराहून जरा जास्त पाणी, पाच मिनिटं उकळी, जराशी साखर किंवा गूळ, आणि तेल.

सकाळचं शिजवलेलं उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. म्हणून दुपारची सोय न शिजवण्याची हवी, जसं केळं. इथेच चहा-बिस्किटाशी गाठ पडते. त्याला नावं ठेवण्याआधी त्याचे गुण बघा. पाच रुपयांत पुडा मिळतो, शिजवावा लागत नाही, खराब होत नाही, ताईला देता येतो. याला पर्याय द्यायचा तर त्यातही हे चार गुण हवेत. केळ्यात ते बरेचसे आहेत, सफरचंदात नाहीत. चहा मात्र बंदच करायला सांगा, कारण त्यातला टॅनिन अन्नातलं लोह शोषू देत नाही. लोहाचं सिरप आशाताई देते: सहा महिने ते पाच वर्षं, आठवड्यातून दोनदा, 1 मिलि. शौच काळसर होतं ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी बाटली फळीवर जाते.

दुधाची बाटली, बूच यांबद्दल जास्त बोलत नाही. खोलीत धड धुवायला पाणी नसतं, एवढं कारण पुरे. बोंडलं किंवा वाटी-चमचा चांगला. आईनं काढून ठेवलेलं स्वतःचं दूध, झाकलेल्या स्टीलच्या भांड्यात, गार जागी तीन-चार तास चालतं. हे फार कमी जणींना माहीत असतं.

अंगणवाडीचा घरपोच आहार सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाचा हक्क आहे, रोज 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं या मापानं. प्रत्यक्षात पुडा घरातल्या चार मुलांत वाटला जातो. हे होणारच, त्यासाठी आईला बोलू नका. त्यातले रोजचे दोन-तीन चमचे बाळाच्या नावानं वेगळ्या डबीत काढून घेतले तर निदान तेवढे त्याला मिळतात.

पैशाच्या योजनांत अडचण बहुधा नावात असते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात: गर्भारपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर 3,000, जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर 2,000. दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6,000 एकदम. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, की अर्ज अडकतो. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते कधी बंद पडलेलं जुनं खातं असतं. तिसरी गोष्ट, बाळंतपण माहेरी होतं, लसी तिथल्या कार्डावर राहतात आणि इकडे नोंदच नसते. तेव्हा गर्भारपणाच्या सातव्या महिन्यातच खातं आणि नावं तपासा. जन्मनोंद 21 दिवसांच्या आत फुकट होते. मुलगी 1 एप्रिल 2023 नंतरची आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल, तर राज्य सरकारच्या 'लेक लाडकी' या मुलींसाठीच्या योजनेलाही जन्मदाखला लागतोच. त्यातले पहिले 5,000 जन्मानंतरचे आहेत.

वजनाच्या तक्त्यावर एकट्या ठिपक्याकडे बघू नका, रेघेकडे बघा. हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यातलं पण दोन महिने आडवं चाललेलं बाळ हे पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या पट्ट्यातल्या पण चढत्या रेघेच्या बाळापेक्षा जास्त काळजीचं आहे. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी, किंवा दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबून खड्डा राहतो, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. अशा बाळाला खिचडीचा सल्ला पुरत नाही. जुलाबात ओआरएसबरोबर झिंक चौदा दिवस द्यायचं असतं. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की घरचे झिंकही थांबवतात. तसं करू देऊ नका, आणि खाणंही बंद करू देऊ नका.

शेवटी ऊसतोडीची कुटुंबं. बीडकडून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतात. आई-बाप मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी. पहाटे दोघंही फडात, बाळ पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ताईपाशी. निघायच्या आठवड्यात कुटुंबाला गाठा. माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि त्याचा फोटो वडिलांच्या मोबाइलमध्ये. कार्ड भिजतं, हरवतं, फोटो राहतो. अंगणवाडीत सेविकाताईंकडून पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी अ‍ॅपवर स्थलांतराची नोंद करून घ्या, म्हणजे कारखान्याच्या गावी आहार मागता येतो. कोणत्या कारखान्यावर जाणार ते मुकादमाला आधीच विचारून लिहून घ्या. बरोबर द्यायचं ते इतकंच: ओआरएसची चार पाकिटं, झिंकच्या गोळ्या, लोहाच्या सिरपची बाटली, आणि दोन आठवडे पुरेल एवढं भाजलेलं मिश्रण घट्ट झाकणाच्या डब्यात. डब्यावर आत जाईल एवढाच कोरडा चमचा दोऱ्यानं बांधून.