कागदावरचे घर आणि बांधलेले घर

श्रोतेहो, नमस्कार. थंड हवामानाच्या देशांत नवे घर बांधताना त्यातून हिवाळ्यात किती उष्णता बाहेर जाईल, याचा हिशेब आधीच मांडावा लागतो. भिंती, छप्पर, खिडक्या अशा प्रत्येक भागाचे क्षेत्रफळ त्याच्या यू-मूल्याने, म्हणजे एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते त्या आकड्याने, गुणून त्यात हवेच्या गळतीचा वाटा मिळवला, की आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना किती वॅट उष्णता निसटेल तो आकडा हाती येतो. बांधून झालेले घर मात्र बहुधा याहून अधिक उष्णता गमावते.

याचे खापर राहणाऱ्यांच्या सवयींवर फोडणे सोपे असते. म्हणूनच खरी परीक्षा रिकाम्या घराची घेतात. को-हीटिंग चाचणीत विजेच्या हीटरांनी घर एक ते तीन आठवडे साधारण २५ अंशांवर ठेवून वीज मोजली जाते. समजा, हिशेबाचा आकडा १०० वॅट आहे आणि बाहेर ५ अंश तापमान आहे, तर २,००० वॅट पुरायला हवेत. उन्हाची ऊब जमेस धरूनही २,६०० लागत असतील, तर घराचा खरा आकडा १३० ठरतो.

ब्रिटनमध्ये स्टॅमफर्ड ब्रुक येथील नव्या घरांची लीड्सच्या संशोधकांनी अशी मोजणी केली, तेव्हा दोन घरांमधील सामाईक भिंतच फितूर निघाली. दोन्हीकडे उबदार खोल्या असल्याने तिच्यातून होणारा ऱ्हास शून्य धरण्याचा प्रघात होता, आणि तो वरवर बिनतोडही वाटतो. परंतु भिंत दुपदरी होती. मधल्या पोकळीत तापलेली हवा वर चढून थंड माळ्याकडे निघून जाई आणि तिची जागा बाहेरची गार हवा घेई. २०१० च्या नियमांत इंग्लंडने अशा मोकळ्या पोकळीच्या भिंतीसाठी ०.५ हे यू-मूल्य धरायला लावले. पोकळी पूर्ण भरून कडा बुजवल्या, तरच शून्य.

बाकीची तूट बरीचशी कारागिरीतली असते. विटांच्या सांध्यातून बाहेर आलेला मसाला खरवडला नाही, तर उष्णतारोधक पाटी भिंतीला घट्ट टेकत नाही आणि त्या फटीतून गार हवा खेळू लागते. हवाबंदपणाची चाचणी उत्तीर्ण झालेल्या घरातही हा दोष लपून राहू शकतो, आणि भिंत झाकल्यावर तो पाहणार कोण? को-हीटिंगसाठी प्रत्येक नवे घर आठवडेच्या आठवडे रिकामे ठेवायला कोणी बांधकामदार राजी होणार नाही. त्यामुळे जून २०२२ पासून लागू झालेल्या इंग्लंडच्या नियमांनी, काम झाकले जाण्यापूर्वीच अशा जागांची छायाचित्रे काढून ठेवणे बांधकामदारावर बंधनकारक केले आहे.