मोठा पंप टाकला म्हणजे झालं?

टर्बो बसवलेली गाडी आली की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, भाऊ पेट्रोलचा मोठा पंप टाकून द्या, पेट्रोल कमी पडतंय. मी विचारतो कशावरून? तर म्हणे वरच्या आरपीएमला मिस करते. अहो, मिस तर प्लगमुळेही करते. पेट्रोल लाइनला प्रेशरचा गेज लावून बघितलंत का? नाही. मग पंपाने काय घोडं मारलंय?

तर मंडळी, प्रेशर पंप ठरवत नाही. पंप बिचारा नुसता ढकलत असतो, प्रेशर ठरवतो रेग्युलेटर. त्याच्यात एक डायफ्राम आणि स्प्रिंग, प्रेशर ठरलेल्याच्या वर गेलं की तो उघडतो आणि जास्तीचं पेट्रोल रिटर्न लाइनने परत टाकीत. त्याच्या डोक्यावरची बारीक नळी मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांना जाते, ती उगाच दिलेली नाही. इंजेक्टरच्या एका बाजूला रेलचं, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या पाइपाचं प्रेशर, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डचं, आणि पेट्रोल किती पडणार ते या दोघांच्या फरकावर. म्हणून 3 बारचा रेग्युलेटर असेल तर आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू, व्हॅक्यूम असताना गेजवर 2.4-2.5 दिसणार आणि 0.7 बार बूस्टला, म्हणजे टर्बो हवा दाबून भरतो तेव्हा, 3.7. फरक कायम 3 च.

हे सगळं रिटर्न लाइनवाल्या पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल मॅनिफोल्डच्या बाजूला फवारणाऱ्या) पेट्रोल गाड्यांचं. बऱ्याच नव्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच बसतो, नळी नसते, तिथला हिशोब ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर करतो. आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाड्यांच्या हाय प्रेशर बाजूला, जिथे शंभर-दोनशे बार असतात, तिथे पाना घेऊन जाऊच नका, ती धार कातडीत घुसते.

एक गाडी सांगतो. माझ्याकडे यायच्या आधीच पंप दोनदा बदललेला, दुसऱ्यांदा ताशी 255 लिटरवाला. तरी 0.7 बूस्टला काटा 3.1 च्या पुढे जाईना. म्हणजे फरक उरला 2.4. इंजेक्टरमधला फ्लो या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, त्यामुळे पेट्रोल 10 टक्क्यांच्या आसपास कमी, आणि बूस्टमध्ये एवढं लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालवणं म्हणजे पिस्टन वितळवायची तयारी. मागची सीट उचलली, पंपाच्या कनेक्टरला मल्टिमीटर लावला, इंजिन चालू. 10.9 व्होल्ट! बॅटरीवर 13.8. जवळजवळ 3 व्होल्ट त्या बारीक जुन्या वायरीत आणि गंजलेल्या अर्थिंगमध्ये जिरत होते. व्होल्टेज पडलं की पंपाचा फ्लो पडतो, मग डब्यावर 255 छापलेलं असो नाहीतर 500. बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, रिले, नवा अर्थ, आणि जुनी वायर फक्त रिलेला ट्रिगर द्यायला, म्हणजे इंजिन बंद पडलं की ईसीयू पंप बंद करू शकेल, हे काही लोक गाळतात आणि थेट स्विच देतात, फार वाईट सवय. 13.4 व्होल्ट आले, काटा 3.7 वर जाऊन बसला.

वाटलं सुटलो. कुठलं काय! आता आयडलला काटा 3.3 वर अडकला, रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल केला तरी खाली येईना, एक्झॉस्टला कच्च्या पेट्रोलचा वास आणि स्कॅनरवर फ्युएल ट्रिम उणे 13, म्हणजे ईसीयू 13 टक्के पेट्रोल कापत होता. पंप आता पूर्ण ताकदीने ढकलत होता आणि आयडलला इंजिन पितं किती, घोटभर, बाकीचं सगळं त्या बारक्या रिटर्न पाइपातून जाणार कसं? रिटर्नला तात्पुरती रुंद नळी जोडली तर काटा लगेच 2.4. जुना पाइप काढला तेव्हा टाकीजवळच्या वळणावर चांगलाच चेपलेला निघाला.

गंमत म्हणजे एवढा पंप त्या गाडीला लागतच नव्हता. एका हॉर्सपॉवरला ताशी साधारण पाव किलो पेट्रोल, टर्बोला थोडं जास्त. 200 हॉर्सपॉवर धरा, 50-55 किलो, म्हणजे 70-75 लिटर. वर 30 टक्के राखून ठेवा तरी 100 च्या आतच. फक्त आकडा डब्यावरचा नाही, आपल्या प्रेशरला आणि आपल्या व्होल्टेजला तो पंप किती देतो त्या ग्राफवरचा बघायचा, प्रेशर वाढलं की पंपाचा फ्लो कमी होतो.

काही जण स्क्रू पिळून 3 चे 4 बार करतात आणि म्हणतात पिकअप वाढला. 15 टक्के पेट्रोल वाढलं एवढं खरं, पण क्रूझिंगला ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू ते परत कापतो, आणि फुल थ्रॉटलला, जिथे कापत नाही, तिथे ट्यूनिंग न करता नुसतं रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. बेस प्रेशर सेट करताना व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं, मग स्क्रू, मग नळी परत लावून काटा खाली येतोय ना ते बघायचं. काढलेल्या नळीत पेट्रोल ओलं दिसलं तर सेटिंग राहू द्या, डायफ्राम फाटलाय.

लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, अग्निशामक हाताशी. टाकीच्या आत जे30आर10 लिहिलेलाच होज (रबरी नळी), बाहेर जे30आर9. बाहेरचा होज आत घातला की पेट्रोलमध्ये बुडून फुगतो, सटकतो, आणि मग गाडी परत माझ्याकडे येते, मालक म्हणतो भाऊ, अजून मोठा पंप टाका.