बाजूच्या व्हॉल्व्हची बाजू

सुरुवातीच्या मोटारींबद्दल एक वाक्य नेहमी कानावर पडतं, "तेव्हा त्यांना कळत नव्हतं." मला ते अन्यायाचं वाटतं. 1904च्या ब्यूकमध्ये व्हॉल्व्ह, म्हणजे इंधन-हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, सिलिंडरच्या डोक्यावर होतेच. तरी 1908च्या फोर्ड मॉडेल टीनं ते सिलिंडरच्या शेजारी बसवले आणि 1927पर्यंत तिथेच ठेवले. अडाणीपणानं नव्हे.

त्याआधीच्या पुष्कळ इंजिनांत इनलेट (आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हला कॅमच, म्हणजे फिरताना त्याला ढकलून उघडणारा उंचवटाच, नसे. पिस्टन खाली सरकला की त्याच्या ओढीनं व्हॉल्व्ह उघडायचा आणि हलकी स्प्रिंग तो मिटवायची. किती सोपं! पण सगळं त्या स्प्रिंगवर येऊन ठेपायचं. ती नरम असली तर वेग वाढताच व्हॉल्व्ह फडफडायचा, उशिरा मिटायचा. कडक केली तर तो पुरता उघडायचाच नाही आणि सिलिंडर अर्धपोटी राहायचा. एका वेगाला जुळलेली स्प्रिंग दुसऱ्या वेगाला जुळत नसे. एकाच गतीनं फिरणाऱ्या इंजिनाला ते चालून जाई, मोटारीला नाही. म्हणून इनलेटलाही कॅम आला.

धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं दुखणं निराळं. तो लाल होईपर्यंत तापतो आणि त्याची बरीचशी उष्णता, तो मिटलेला असताना, सीटमधून, म्हणजे तो ज्या कडेवर टेकतो तिच्यातून, बाहेर पडते. सीट रुंद केली तर उष्णता चांगली निघते, पण दाब पसरतो आणि काजळीचा कण मध्ये अडकतो. अरुंद केली तर व्हॉल्व्ह घट्ट बसतो, पण जास्त तापतो. त्यात धातूची अडचण. त्या काळी पोलादी दांडीवर ओतीव लोखंडाचं डोकं बसवलेले व्हॉल्व्ह सर्रास असत, आणि हा जोड कधीकधी सुटायचा.

आता विचार करा. व्हॉल्व्ह वर असेल तर तुटलेलं डोकं थेट पिस्टनवर पडतं. शेजारी असेल तर ते बहुधा आपल्या खोबणीतच राहतं, कारण पिस्टन तिथवर येतच नाही. याची किंमत म्हणजे पसरट, उष्णता गमावणारी ज्वलनजागा. तिच्यात कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी मिश्रण किती दाबलं जातं ते, फार वाढवता येत नाही. पण तेव्हाच्या पेट्रोलला जास्त कॉम्प्रेशन सोसतच नव्हतं! मॉडेल टीचं कॉम्प्रेशन साधारण चारास एक, म्हणजे जे गमावलं ते तसंही हाती लागणार नव्हतं. प्यूजोनं 1912मध्ये दोन कॅमशाफ्ट (कॅम असलेले दांडे) आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह वापरून फ्रेंच ग्रां प्री जिंकली खरी. पण ते शर्यतीचं इंजिन होतं.

मॉडेल टीची एक गोष्ट मात्र मला पटत नाही. तिच्या टॅपेटला, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामधल्या भागाला, ॲडजस्टिंग स्क्रूच नव्हता. सैल होणारा एक भाग वाचला, हे मान्य. टॅपेट आणि दांडी यांच्यातली फट कमी झाली तर दांडीचं टोक घासून ती वाढवता येई. पण झीज होऊन फट वाढली, टॅपेट वाजू लागले, की सुटा भाग बदलण्यावाचून नीटसा इलाज नव्हता. तिथे स्क्रू हवाच होता.