लोको पायलट काढायचा, तर आधी काय मोजायचं?

नमस्कार मंडळी. 28 डिसेंबर 2020 ला दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा लाइनवर देशातली पहिली चालकाविना गाडी सुरू झाली. उद्या हेच गोंदिया–बल्लारशा मार्गावर करायचं म्हटलं, तर लोको पायलट, म्हणजे गाडीचा चालक, काढण्यातला धोका कसा मोजायचा, ते आज बघू.

मेट्रोचा रूळ एकतर खांबांवर, नाहीतर जमिनीखाली. आपल्याकडे रुळाला लागून वावर, मधून बंडीवाट, आणि नागभीडच्या आसपास जंगल.

[पडद्यावर: ऑटोमेशनच्या पायऱ्या]

दुसऱ्या पायरीवर गाडी आपली आपण धावते आणि थांबते. चालक दारं आणि पुढचा रस्ता सांभाळतो. तिसऱ्या पायरीवर गाडीत कर्मचारी असतो, पण तो समोर बसलेला नसतो. चौथ्यावर कोणीच लागत नाही. दुसरीवरून तिसरीवर जाताना समोरचे डोळे आणि कान जातात. खरी उडी तीच.

म्हणून "माणूस जास्त चुकतो की मशीन?" इथून सुरुवात करू नका. लोको पायलट काय काय करतो, त्याची यादी करा. वेग सांभाळणं आणि लाल सिग्नलला थांबणं ही त्यातली सोपी कामं. त्यात चूक झाली तर 'कवच' ही रेल्वेची सुरक्षा यंत्रणा, जिथे बसवली आहे तिथे, आपोआप ब्रेक लावते. कवच एसआयएल 4 या सर्वात वरच्या सुरक्षा दर्जाचं आहे, पण तो दर्जा त्याला सोपवलेल्या कामापुरता. रुळावर बसलेली म्हैस ओळखणं हे त्याचं कामच नाही.

आता यादीतली एक ओळ जवळून बघू. हिवाळ्यातल्या पहाटे गारठ्याने रूळ आखडतो, वेल्डिंगपाशी तडा जातो. रूळ तपासत पायी निघालेल्या कीमनला, म्हणजे रेल्वेच्या कर्मचाऱ्याला, तो दिसतो. तो लाल झेंडी दाखवत धावतो, तुटलेल्या जागेपासून 600 मीटरवर रुळावर इशाऱ्याचा एक फटाका लावतो, 1200 मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. चाकाखाली फटाका वाजला की लोको पायलट गाडी थांबवतो. केबिन रिकामी असेल तर तो आवाज ऐकणार कोण? कीमनच्या हातात गाडीला थेट थांबवणारं रेडिओ यंत्र आधी आलं पाहिजे, लोको पायलट नंतर काढला पाहिजे. तसंच लोको पायलटला एखाद्या ठिकाणी झटका जाणवला, की तो पुढच्या स्टेशनला कळवतो. ते काम डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, म्हणजे बोगीवर, बसवलेल्या कंपन मोजणाऱ्या सेन्सरकडे द्यावं लागेल.

[पडद्यावर: हिशेब]

दुसरी ओळ, रुळावर ढोरं. वेग ताशी 100 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर. ब्रेकने दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद इतका वेग कमी होतो असं धरा. गाडी थांबायला साधारण 770 मीटर लागतात. ओळखायला आणि ब्रेक धरायला दोन सेकंद गेले, की 830 च्या घरात. सेन्सरला धुक्यात आणि वळणावरही एवढं लांबचं दिसलं पाहिजे. खरं तर लोको पायलटलाही प्रत्येक वेळी थांबता येत नाही. पण तो हॉर्न देतो, आणि धडक झालीच तर गाडी थांबवून ब्रेकचा होज पाइप, म्हणजे हवेची नळी, तुटला का ते बघायला लावतो. सेवाग्राम–बल्लारशासारख्या दुहेरी मार्गावर फ्लॅशर, म्हणजे इंजिनावरचा लुकलुकणारा दिवा, लावून समोरून येणाऱ्या गाडीला सावध करतो. यातलं प्रत्येक काम वेगळ्या ओळीत लिहायचं. उलटी बाजूही लिहा: उडत्या पिशवीला बघून सेन्सर रोज ब्रेक लावू लागला, तर कोणीतरी वैतागून तो बंद करतो.

सगळ्यात दुर्लक्षित ओळ म्हणजे यंत्रणा बिघडल्यावरची. क्वालालंपूरला 24 मे 2021 ला चालकाविना धावणाऱ्या मार्गावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, दोनशेहून जास्त लोक जखमी झाले. त्यातली रिकामी गाडी बिघाडानंतर माणूस हाताने चालवत होता. मशीन आणि माणूस जिथे काम एकमेकांकडे सोपवतात, तिथे मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

आता हेच आपल्याकडे मांडा. मे महिना, 45 अंश ऊन, गाडी मूल आणि नागभीडच्या मधे जंगलात उभी. थोड्या वेळाने लोक दारं उघडून खाली उतरणार, मुलाबाळांसकट. त्यांना थांबवणारा, गाडी हाताने हलवू शकणारा माणूस कुठल्या स्टेशनवरून निघेल? रस्त्याने किती मिनिटांत पोचेल, आणि पावसाळा असेल तर किती? यादीत या प्रश्नांची उत्तरं लिहिलेली नसतील, तर त्या सेक्शनवरचा लोको पायलट काढायला मंजुरी मिळता कामा नये.