चाल कुणाची?

[दृश्य : रात्र. नगरच्या (आताचं अहिल्यानगर) सावेडी भागातल्या एका घराची मधली खोली. आडव्या दोऱ्यांवर गोधड्या.]

या गोधड्या वाळत घातलेल्या नाहीत. सहा गोधड्या, दोन सतरंज्या आणि पाहुण्यांसाठी माळ्यावर ठेवलेली एक जाड गादी, एवढ्यात आमचा स्टुडिओ उभा राहिला. गोधड्या नसताना या खोलीत टाळी वाजवली, की भिंती त्या टाळीचे चिरके तुकडे करून परत फेकायच्या. समोरासमोरच्या दोन कोऱ्या भिंती, खाली फरशी, वर स्लॅब. माणसाला ते जाणवत नाही, माइकला सगळं ऐकू येतं.

आम्ही सहा जण. एक बँकेत, दोघी शिक्षिका, एक औषधांच्या दुकानात, एक अजून शिकतोय आणि मी, हे निवेदन करणारा. रविवारी उपासनेला एका बाकावर बसून गाणारे. अल्बम करायचा हे ठरलं नाताळच्या फराळाला, करंजी खाता खाता. नऊ गाणी, सगळी जुनी, सगळी मराठी. चार महिन्यांत उरकू म्हणालो होतो. चौदा लागले.

[दृश्य : टेबलावर लॅपटॉप, छोटा इंटरफेस, तीन माइक.]

सामान बघा. दोन चॅनलचा इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा, एक कंडेन्सर माइक, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा, दोन साधे माइक. कंडेन्सर उसना आणलेला. त्याला इंटरफेसमधून 48 व्होल्ट द्यावे लागतात हे माहीत नसल्यानं पहिल्या रात्री तो बिघडलाय असं समजून आम्ही त्याच्यासाठी प्रार्थनाही केली होती. मग कुणीतरी बटण दाबलं.

दोन चॅनल म्हणजे एका वेळी दोनच माइक. या एका अडचणीनं पुढचं बरंच काही ठरवलं.

वेळ रात्री साडेदहानंतरची. त्याआधी कुकरच्या शिट्ट्या, मालिका, गल्लीतली क्रिकेट मॅच. पंखा बंद. फ्रिज बंद, आणि तो परत चालू करायचं विसरू नये म्हणून माझ्या स्कूटरची चावी फ्रिजमध्ये. दूध एकदा नासलं, तेव्हापासूनची ही पद्धत. इन्व्हर्टरनं सगळ्यात जास्त छळलं. वीज गेली, की साधा स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर सुरू व्हायचा आणि रेकॉर्डिंगमध्ये मधमाशी शिरल्यासारखी घरघर यायची. शेवटी लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस लॅपटॉपवर, बाकी घर अंधारात.

[दृश्य : गाण्यांचं जुनं पुस्तक. पिवळी पानं. एका गाण्याच्या डोक्यावर बोट.]

आता मुख्य गोष्ट.

हे आमचं पुस्तक. शब्द आहेत, नोटेशन नाही. गाण्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलंय ‘चाल’ आणि पुढे भलत्याच एका गाण्याची पहिली ओळ. छापणाऱ्यानं गृहीत धरलं, की ते दुसरं गाणं सगळ्यांना येतं. तेव्हा येत असेलही. आज ते गाणं शोधून सापडत नाही. म्हणजे पत्ता दिलाय, पण पत्त्यावरचं घर पडलंय.

मराठीत ख्रिस्ताचं गाणं जुनं आहे. फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण गोव्यात छापलं गेलं 1616 साली. पण आमच्या नगरचा धागा त्याहून अलीकडचा. 1831 साली अमेरिकन मराठी मिशन इथे आलं. मिशनऱ्यांनी आपल्याकडची गीतं मराठीत आणली ती त्यांच्याच सुरावटींसकट. अक्षरं मोजून बसवली, पण मराठी शब्दाचं वजन कुठे पडतं याकडे सुरावटीचं लक्ष नसायचं. ऱ्हस्व अक्षर ताणलेलं, दीर्घ अक्षर गिळलेलं. अशी काही गाणी आम्ही अजूनही गातो, प्रेमानं गातो, पण नव्या माणसाला शब्द कळत नाहीत हेही खरं.

मग याच नगरात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. आणि मग कवी नारायण वामन टिळक आले. जन्म 1861, कोकणातला. बाप्तिस्मा 1895 साली, मुंबईत. त्यानंतरचा बराच काळ नगरला. 1842 साली इथेच निघालेल्या ज्ञानोदय या नियतकालिकात लिहिणं, आणि गाणी. अभंग, ओवी, पद. टिळकांनी चर्चमध्ये अभंग आणला म्हणजे काय केलं, हे गाताना कळतं. अभंगाचं माप सहा, सहा, सहा, चार अक्षरांचं. शेवटचा चरण आखूड. तो आखूड आहे म्हणूनच सगळी मंडळी तिथे एकत्र येऊन टेकते. हे माप लक्षात ठेवा, पुढे त्यावरून आमची खरडपट्टी निघणार आहे.

[दृश्य : पेटीचा भाता. तबल्यावर हातोडी.]

टिळकांचाच एक अभंग आम्ही पहिल्यांदा घेतला. सगळ्यांना पाठ. ‘एक, दोन’ म्हटलं आणि दोन वेगळी गाणी सुरू झाली.

आमच्यातल्या एक वहिनी माहेरच्या मिरजेच्या. त्यांचं बालपण वानलेस हॉस्पिटलच्या परिसरातलं, तिकडच्या चर्चमधलं. त्यांची चाल वरच्या षड्जावरून, म्हणजे वरच्या ‘सा’वरून, सुरू होते आणि पायऱ्या उतरत खाली येते. आमची नगरची चाल खालून निघते, दुसऱ्या ओळीला वर पोचते. शब्द तेच, ठेका तोच, रस्ता उलटा. मिरजेकडे प्रेस्बिटेरियन मिशन, इकडे अमेरिकन मराठी. शिक्षक वेगळे, पेटीवाले वेगळे. आणि मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव, तिथल्या माणसाच्या कानात वरचा सा आधीच वाजत असणार, असा माझा आपला एक अंदाज.

“हीच खरी चाल,” वहिनी म्हणाल्या.

“वहिनी, टिळक नगरला राहायचे,” तबल्यावरचा दादा म्हणाला. यावर कुणाकडे उत्तर नव्हतं, पण म्हणून त्यांनी चाल बदलली असंही नाही.

चर्चमध्ये ही भानगड कधी होत नाही. जो मोठ्यानं सुरू करतो त्याची चाल. रेकॉर्डिंगमध्ये मात्र एक निवडावी लागते. आणि एकदा अल्बम निघाला, की पुढची पोरं मोबाईलवर ऐकून तीच शिकणार. दुसरी कुठे छापलेलीच नाही. आम्ही गोधड्या टांगून हौस करत होतो आणि नकळत एका चालीवर फुली मारायला निघालो होतो. त्या रात्री काहीच रेकॉर्ड झालं नाही. चहा झाला.

[दृश्य : स्वयंपाकघर. लसूण सोलणारे हात.]

दादाची आजी. ऐंशी पार केलेल्या. “आजी, तुमच्या लहानपणी हे कसं म्हणायचे?” विचारलं, तर म्हणाल्या, “मला कुठं गाता येतं.” माइकसमोर बसवलं, तर डोळे मिटून प्रार्थनाच म्हटली. सुंदर प्रार्थना. पण गाणं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या होत्या आणि स्वतःशीच गुणगुणत होत्या. तिसरीच चाल! सुरुवात मिरजेसारखी वरून, दुसरी ओळ नगरची, आणि तिसऱ्या चरणावर एक छोटी मुरकी, जी आम्ही कुणीच कधी ऐकली नव्हती. लसणाची पाकळी ताटलीत पडायची ती बरोबर समेवर. दादानं मोबाईल डब्यामागे ठेवून रेकॉर्ड केलं. त्यांना नंतर सांगितलं. “चोरून ऐकता होय रे?” म्हणाल्या, आणि पुढचं कडवं म्हणून दाखवलं.

अल्बम घरी का केला, असं लोक विचारतात. पैसे नव्हते हे पहिलं उत्तर. दुसरं उत्तर ही दुपार. तासावर भाडं घेणाऱ्या स्टुडिओत लसूण कुठून आणणार?

[दृश्य : पुन्हा मधली खोली. पट्टी शोधणारी पेटी.]

आजींची पट्टी, म्हणजे त्यांचा ‘सा’ पेटीच्या ज्या पट्टीवर बसतो ती, निघाली पांढरी चार. आमच्या बायका गातात काळी चारमध्ये, पुरुष काळी एकमध्ये. ठरलं, हे गाणं आजींच्या पट्टीत. पण पांढरी चारचा तबला आमच्याकडे नव्हता. मग पांढरी एकचा होता तो पंचमात, म्हणजे आजींच्या ‘प’वर, लावला. दादा पाऊण तास हातोडी घेऊन तबल्याच्या लाकडी गठ्ठ्यांशी झगडत होता. बरं, तबला लागला, की पेटी जुनी. पेटीचे सूर ठरलेले, त्यांना वळवता येत नाही. तंबोऱ्याशेजारी तिचा गंधार, म्हणजे ‘ग’, जरा चढाच लागतो. आकाशवाणीनं 1940 ते 1971 पेटीला स्टुडिओबाहेर ठेवलं, त्यामागे हीसुद्धा तक्रार होतीच. मराठी चर्चनं मात्र पेटी कधी सोडली नाही. हातपेटी, पायपेटी, जी मिळेल ती. आम्ही तंबोरा बारीक केला आणि पेटी ठेवली. तज्ज्ञांनी माफ करावं.

दुसरा घोळ लयीचा. कुठल्याही माहितीपटात सांगतात तसं आम्ही आधी क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टिकटिक, लावला. मिनिटाला 88 ठोके, कानात टिकटिक, एकेकानं येऊन आपापला भाग गायचा. तीन रात्री गेल्या. सगळं तालात आणि सगळं मेलेलं. भजनी ठेका स्थिर बसत नाही. कडव्यागणिक लय अंगात चढते, शेवटच्या कडव्याला टाळ लागले की ती धावतेच. क्लिक तिला कॉलर धरून मागे ओढत होता.

तेव्हा ते दोन चॅनल कामाला आले. एक माइक पेटीला, एक तबल्याला, क्लिक बंद. दोघे गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि आजी त्यांच्यासमोर नुसत्या ओठांनी गात राहिल्या, आवाज न काढता. त्यांच्या मानेच्या हेलकाव्यावर दोघांनी वाजवलं. नंतर लॅपटॉपवर मोजलं. सुरुवात 86, शेवट 103. या पायावर मग आम्ही सगळे गायलो. कोरसचे चार गळे एका माइकभोवती, मोठ्या आवाजाचा माणूस दोन पावलं मागे. हा मागे जाणारा माणूस मीच.

टाळांचं मात्र खोलीत काही जमेना. त्यांची धार सगळ्यावर चढायची. टाळकऱ्याला स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभं केलं, माइक इकडे दारात. मधे पडदा. तिथून ते टाळ चर्चच्या मागच्या बाकावरून येतात तसे आले.

[दृश्य : लॅपटॉपवर भरायचा फॉर्म.]

गाणी ऑनलाइन टाकायची, तर फॉर्म. गीतकार : नारायण वामन टिळक. हे सोपं. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी शब्दांवरचा हक्क संपतो. टिळक 1919 साली गेले, म्हणजे हे शब्द केव्हाच सगळ्यांचे झाले. पुढचा रकाना, संगीतकार. रिकामा सोडता येत नाही. ‘पारंपरिक’ लिहिलं, की काम होतं, सगळे तेच लिहितात. पण वहिनी अडून बसल्या. परंपरा कुणाची? एका अभंगाच्याच तीन निघाल्या.

शेवटी हा अभंग अल्बममध्ये तीनदा आहे. पारंपरिक, नगर. पारंपरिक, मिरज. आणि तिसऱ्यापुढे आम्ही लिहिलंय, ‘पारंपरिक, आजींकडून’. नऊ गाण्यांच्या अल्बममध्ये एकच अभंग तीनदा म्हणजे ऐकणारा वैतागणार, असं माझं मत होतं. अजूनही थोडं आहे. मतदानात मी हरलो.

[दृश्य : आजी. कानाला मोठा हेडफोन. बाकीचे भोवती, उभे.]

सगळं झाल्यावर आजींना ऐकवलं. हेडफोन पहिल्यांदाच घातलेला. दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या, पडेल म्हणून. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. त्यांनी हात वर केला. दादानं गाणं थांबवलं.

“श्वास कुठं घेतलात?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“तिसऱ्या चरणानंतर घेतलात. तिथं थांबायचं नसतं बाळांनो. ती शेवटची चार अक्षरं तिसऱ्यालाच जोडलेली आहेत. अर्थ तिथं पुरा होतो. तुम्ही मधेच तोडलंत, आता त्या ओळीत देव एकीकडं आणि आपण एकीकडं.”

गोधड्या आदल्या दिवशीच घड्या घालून माळ्यावर टाकल्या होत्या.

[दृश्य : स्टुलावर चढलेला दादा. वरून एकेक गोधडी खाली येते. पडद्याबाहेरून आवाज : “फ्रिज बंद केला का रे?”]