कार्ड तापतंय, पण हवा कुठंय?

एप्रिल सुरू झाला की पुण्यातल्या गेमिंगवाल्या पोरांची एकच तक्रार, गेम दहा-पंधरा मिनिटं मस्त चालतो आणि मग एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स, पडतात, फॅन बोंबलायला लागतात, कधी कधी तर स्क्रीनच काळी. आणि पहिला विचार येतो तो नवीन ग्राफिक्स कार्डाचा. थांबा जरा.

हे धायरीतलं घर. सगळ्यात वरचा मजला, दिवसभर तापलेला स्लॅब डोक्यावर. पीसीत आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड आहे आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात त्याच्या तापमानाचा आकडा बघा, ८७ अंश. आता पीसी ठेवलाय कुठं ते बघा. कॉम्प्युटर टेबलच्या खणात, मागे फळी, बाजूला भिंत, आणि धूळ बसू नये म्हणून आईनं वरून टॉवेल टाकलाय, म्हणजे गरम हवा निघायची जी वरची जाळी होती तीच बंद.

८७ म्हणजे कार्ड जळणार का? नाही. या कार्डाची कंपनीनं दिलेली मर्यादा ९३ अंश आहे. तिथं पोचायच्या आधीपासूनच चिप आपला क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, थोडा थोडा कमी करत जाते आणि मर्यादेला टेकली की दणकन पाडते, यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. चिप स्वतःला सांभाळते, पण तुम्ही ज्या परफॉर्मन्सचे पैसे मोजलेत तो जातो, आणि रोज तासन् तास असंच भाजत ठेवलं तर चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारे धातूचे पत्रे) यांच्यामधली थर्मल पेस्ट सुकते, फॅनची बेअरिंग कुरकुरायला लागतात.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण अर्धी घबराट इथंच होते. हवेवर चालणारा कूलर कार्डाला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही, कार्ड खोलीच्या किती अंश वर राहणार एवढंच त्याच्या हातात असतं. डिसेंबरात खोली २० अंशांवर, कार्ड ६८ला. मे महिन्यात शिमला ऑफिसचा, म्हणजे शिवाजीनगरच्या वेधशाळेचा, पारा ४०ला टेकतो, खोली ३६ला असते, तर तेच कार्ड, तोच गेम, आकडा ८४. बिघडलं काहीच नाही. बाहेरच्या देशातला रिव्ह्यूवाला थंडगार खोलीत बसून ६५ दाखवतो आणि आपण इथं स्लॅबखाली बसून तो आकडा बघत जीव काढतो.

मग खरा दोष कुठंय हे शोधायची फुकटातली टेस्ट आहे. गेम चालू ठेवा आणि केसचं, म्हणजे पीसीच्या डब्याचं, बाजूचं झाकण काढा. दहा-पंधरा मिनिटांत तापमान सात-आठ अंशांनी खाली आलं तर कार्ड ठणठणीत आहे, त्याला हवाच मिळत नव्हती. पुढं पूर्ण काच असलेल्या केसेस दुकानात आरजीबीच्या रंगीत दिव्यांनी फार सुंदर दिसतात, पण हवा आत यायला कडेची बारीक फट, बाकी काही नाही. माझं स्पष्ट मत आहे, पुण्याच्या उन्हाळ्यात पुढं जाळी असलेलीच केस घ्यावी, दिसायला साधी असली तरी. पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर.

झाकण काढूनही फरक नाही? मग फॅनच्या पात्यांमागं टॉर्च मारा. हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये हा जो करडा थर दिसतोय, ती नुसती धूळ नाही. चहूकडं बांधकामं चालू, त्यात वन आरकेमध्ये गॅस आणि पीसी एकाच खोलीत, रोजच्या फोडणीचं तेल त्या धुळीला लागतं आणि मग ती चिकटूनच बसते, वरवर फुंकर मारून काही होत नाही. पीसी बंद करा, प्लग काढा, ब्लोअर मारा, पण मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो फॅन भलत्या वेगानं फिरतो आणि बेअरिंग जातं. आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर कार्ड नेऊ नका, त्या टाकीत पाणी साचलेलं असतं.

पुढची पायरी म्हणजे पेस्ट. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, जीपीयूचं (कार्डावरच्या मुख्य चिपचं) तापमान आणि हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा, यांत साधारण १०-१५ अंशांचा फरक असतोच, पण तो २५-३० दिसायला लागला तर पेस्ट सुकली किंवा बाजूला सरकली असं धरा. कार्ड वॉरंटीत असेल तर स्क्रूला हात लावू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. नसेल तर उघडताना हीटसिंक सावकाश उचला, कारण फॅनच्या वायरी बोर्डाला जोडलेल्या असतात आणि खेचल्या की तो छोटा कनेक्टरच उपटून येतो. मेमरी चिप्सवरचे उष्णता वाहून नेणारे मऊ पॅड बदलायचे असतील तर आधीची जाडी मोजा, अर्धा मिलिमीटर जाड पॅड बसला तरी हीटसिंक चिपला नीट टेकत नाही.

आणि शेवटी अंडरव्होल्टिंग, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज देणं, ज्याला रुपयाही लागत नाही. पॉवर ही व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं वाढते, म्हणजे त्याच क्लॉकला १.०५ व्होल्टऐवजी ०.९ दिलं तर उष्णता जवळपास चौथाईनं कमी. आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबा, व्होल्टेज आणि क्लॉकचा कर्व्ह उघडेल, ०.९ व्होल्टवरचा ठिपका साधारण १८०० मेगाहर्ट्झला न्या, त्यापुढचे सगळे ठिपके सपाट करा, अप्लाय. प्रत्येक चिप वेगळी असते, त्यामुळं गेम क्रॅश झालाच तर व्होल्टेज थोडं वर घ्या. कार्डाला यानं इजा होत नाही, फार तर ड्रायव्हर रिसेट होतो, पण दोन-तीन दिवस नीट चालेपर्यंत विंडोज सुरू होतानाच सेटिंग लावायची खूण करू नका.